स्लॅबखालच्या दोघी

लातूरच्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवायला लागून मला वीसेक वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. आठवड्यातले चार दिवस लातूर, दोन दिवस नांदेड, आणि मधले तास एसटीत. घसा कायम बसलेला, संध्याकाळी पाय असे सुजायचे की बूट काढताना शिव्या निघायच्या. माणूस इतका थकला की त्याला स्वतःच्या आवाजाचाही कंटाळा येतो. तर असाच एकदा नांदेडला बसस्टँडसमोरच्या मोबाईलच्या दुकानात चार्जर घ्यायला शिरलो आणि आतून माझाच आवाज ऐकू आला. "कळलं का बाळांनो? नसेल कळलं तर परत सांगतो."

काउंटरमागच्या माणसानं मला ओळखलं नाही. उलट मलाच सांगायला लागला, "लातूरचे सर हायेत, साहेब. अख्खी बारावी हाय. पोराला पेन ड्राइव्ह घेऊन पाठवा, भरून देतो." मी चार्जर न घेताच बाहेर आलो. डोकं असं फिरलं होतं की लातूरची एसटी समोरून निघून गेली तरी कळलं नाही.

ती रेकॉर्ड केलेली लेक्चर्स क्लासनं खेड्यापाड्यातल्या मुलांसाठी काढली होती. ज्यांना लातुरात खोली करून राहणं जमत नाही त्यांनी घरी लॅपटॉपवर बघायची. सकाळच्या बॅचच्या आधी, रिकाम्या हॉलमध्ये, एका दिव्याच्या उजेडात कॅमेऱ्याकडे बघून मी ती बोललो होतो. आणि आता ती कोपऱ्याकोपऱ्यावर गाण्यांसारखी भरून मिळत होती. मी तडक संचालकांच्या केबिनमध्ये गेलो आणि सांगितलं, "कुलूप लावा. नाहीतर दुसरा मास्तर बघा."

हैदराबादच्या कंपनीचा एक माणूस आला. आम्हा सात शिक्षकांना बसवून त्यानं सगळं दाखवलं. व्हिडिओ चालू असताना विद्यार्थ्याचा नंबर पडद्यावर फिरत राहणार. कॉपी होणार नाही. आणि लॅपटॉपचा कॅमेरा अधूनमधून आपोआप फोटो काढणार. एकापेक्षा जास्त चेहरे दिसले तर लेक्चर थांबणार, कारण एकाच्या फीवर चौघं बघतात ही सुद्धा चोरीच. वरचेवर तसं दिसलं तर खातं बंद, आणि फोटो पुरावा म्हणून क्लासकडे.

केमिस्ट्रीच्या बाईंनी विचारलं, "मुलांना सांगायचं ना, की फोटो निघतोय म्हणून?"

"फॉर्ममध्ये आहे मॅडम. सतरावं कलम."

फॉर्म इंग्रजीत होता. सतरावं कलम शेवटून दुसऱ्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात. बाई अजून काही बोलणार होत्या, तेवढ्यात मीच म्हणालो, "चोरी करणाऱ्याला कशाला सांगत बसायचं?" सगळे हसले. माझं हे वाक्य मला शब्द न् शब्द आठवतं. विसरता आलं असतं तर बरं झालं असतं.

मग आमच्या मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये फोटो यायला लागले. ऑफिसमधला समन्वयक टाकायचा आणि विचारायचा, यातलं कोण आपला विद्यार्थी, ओळखा. कुठं चार पोरं एका चटईवर पालथी पडलेली. कुठं मागं आजोबा. कुठं नुसतीच शेळी, तिला कॅमेऱ्यानं चेहरा धरलं होतं. आम्ही दमलेली माणसं, दोन बॅचच्या मध्ये चहा पिता पिता ते फोटो बघायचो आणि खिदळायचो. आता लिहितानासुद्धा लाज वाटते, पण खिदळायचो.

त्यात एका मुलीचे फोटो वरचेवर यायला लागले. निलंग्याकडच्या एका गावातली. प्रत्येक फोटोत तिच्या शेजारी एक बाई. पंचेचाळिशीच्या आसपासची, डोक्यावर पदर नाही, केस सुटलेले, गळ्यात शिंप्याचा टेप, मांडीवर कुणाचं तरी ब्लाउज. एका फोटोत ती जांभई देत होती, एकात केस विंचरत होती. असे एकोणीस फोटो. एकोणिसावा आला तेव्हा मी ग्रुपवर लिहिलं, "मावशींचंही ॲडमिशन करून टाका, पहिल्या येतील." पाच जणांनी हसणारी तोंडं टाकली. मुलीचं खातं बंद झालं. क्लासच्या वकिलांनी तिच्या बापाच्या नावे नोटीस धाडली आणि पुरावा म्हणून जांभईचा फोटो छापून सोबत जोडला.

आठ दिवसांनी ती बाई क्लासच्या दारात उभी. मी लेक्चर संपवून जिना उतरत होतो. मी तिला बघताक्षणी ओळखलं. गंमत अशी की तिनंही मला ओळखलं. ओळखणारच की.

"तुमचा आवाज लई वळखीचा हाय, सर," ती म्हणाली. "तुम्ही 'कळलं का' म्हनता, तवा मीच 'हाव' म्हनते. पोरगी कुठं बोलती?"

मी तिला समोरच्या हॉटेलात बसवलं. मला वाटलं, खातं उघडून द्या म्हणेल, नोटीस मागं घ्या म्हणेल. तिनं नोटिशीची घडी उलगडली, फोटो टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाली, "ह्ये माझे फोटो मला परत पाहिजेत. कागद न्हाई, मूळ. काच म्हना, फिलम म्हना, काय असंल ते. माझ्या घरात येऊन माझा फोटो कुनी काढला?"

"ताई, कुणी आलं नव्हतं. लॅपटॉपनंच काढला."

"लॅपटॉपला कुनी सांगितलं?"

या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं. मी चहाचा कप तोंडाला लावला. मग तिला विचारलं, लेक्चर चालू असताना तुम्ही रोज तिथं बसता तरी कशाला?

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, की एवढं शिकलेला माणूस आणि हे कसं ठाऊक नाही. मग तिनं सांगितलं. भूकंपात तिचं पहिलं लेकरू गेलं. दोन वर्षांचं. नवरा उसाच्या गाडीवर गेलेला, ती पहाटे बाहेर गेली होती, आणि दगडमातीच्या घरात लेकरू एकटं होतं. शेजाऱ्यांच्या घरात चौघं होती, एकानं एकाला ओढून काढलं. "माज्या लेकराला वढायला आत कुनी नव्हतं," ती म्हणाली. पुढं सरकारनं नवं गाव वसवलं, स्लॅबची घरं दिली. ती आजवर स्लॅबखाली झोपलेली नाही. अंगणात पत्र्याचं शेड टाकलंय, तिथं झोपतात. आणि घरात एक नियम, स्लॅबखाली एकट्यानं बसायचं नाही. एक जण आत तर दुसरं सोबतीला, दाराकडच्या अंगाला, दार उघडं. त्यांच्या गल्लीत अजून दोन घरांत असंच चालतं म्हणे. प्लग फक्त स्लॅबच्या खोलीत. म्हणून पोरगी आत फिजिक्स करणार आणि आई शेजारी काजं-बटनं करत बसणार.

भूकंपाला पंचवीस वर्षं उलटून गेली होती. मी तेव्हा लातुरात कॉलेजला होतो, आम्ही पोरं मदतीला म्हणून गेलो होतो, आठ दिवस ढिगारे उपसले होते. ती गावं मी डोळ्यांनी बघितली होती. आणि तरीसुद्धा, चेहरे मोजायचं कुलूप बसवताना, त्या गावांत कोण कुणाजवळ का बसत असेल हा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता. स्वतःचाच असा संताप आला, पण संतापाचं करायचं काय, हे मला कधीच नीट कळलेलं नाही. बहुतेक वेळा मी पुढच्या बॅचला जातो.

"आन् ह्ये दुसऱ्यांदा हाय," ती म्हणाली. "भूकंपाच्या वक्ताला ढिगापाशी बसले होते, तवाबी एकानं काढला फोटो. इचारलं न्हाई, काय न्हाई. लई वर्सांनी दाखल्याला कचेरीत गेले, तर भिंतीवर मीच. तोंड उघडं, पदर कुठल्याकुठं. मी म्हनले, ती मी हाय, मला द्या तो फोटो. तो म्हनला, बाई, सरकारी हाय, बाजूला व्हा, लाइन हाय." तिनं बशीतला चहा संपवला. "तवा बाजूला झाले. आता न्हाई होत."

संचालकांना मी सांगून बघितलं. ते म्हणाले, खातं उघडून देऊ, वर्षभराचं लेक्चर फुकट देऊ, पण फोटोचा विषय काढायचा नाही; एकदा चूक कबूल केली की कंपनी आपल्याला धरेल. मी तो निरोप तिला फोनवर दिला. ती म्हणाली, "फुकट नको. फोटो."

मग निलंग्याच्या एका तरुण वकिलानं तिची तक्रार लातूरच्या ग्राहक मंचात दाखल केली. तारखा सुरू झाल्या. ज्यांनी मंचाच्या तारखा बघितल्यात त्यांना सांगायला नको. आज वकील नाही, उद्या सदस्य नाही, परवा कंपनीचं म्हणणं आलेलं नाही. ती सकाळच्या एसटीनं यायची, टेप गळ्यातच, कारण संध्याकाळी जाऊन शिवायचं असायचं. व्हरांड्यातल्या बाकावर बसायची. तिच्या शेजारी मी. मला क्लासनं साक्षीला आणलं होतं, म्हणजे खरं तर तिच्या विरोधात, पण बाक एकच होता. मुलीचं विचारलं तर म्हणायची, जुन्या पुस्तकांवर करून राहिली, चाललंय. एकदा मला म्हणाली, "सर, ते प्रकाश वाकतो त्याचं पुढं काय झालं? तितंच बंद पडलं बगा." मी तिला बाकावर बसून अपवर्तन सांगितलं. वीस वर्षांत इतकं नीट ऐकणारं कुणी भेटलं नव्हतं.

माझं प्रतिज्ञापत्र खरं होतं. माझी लेक्चर्स चोरीला गेली, बाजारात विकली गेली, कुलूप लावणं भाग होतं. एक अक्षर खोटं नाही. पण शेवटच्या सुनावणीत सदस्य बाईंनी क्लासच्या वकिलाला विचारलं, "हे फोटो अजून कुणी बघितले?" आणि वकील ठणठणीत आवाजात म्हणाला, "कुणीही नाही, मॅडम. सिस्टीममध्येच राहतात. माणसाच्या हाताला लागत नाहीत."

मी तिसऱ्या खुर्चीवर होतो. फोन खिशात. त्यात एकोणीसच्या एकोणीस. उभं राहून एवढंच म्हणायचं होतं, की मॅडम, माझ्याकडे आहेत. घसा नेहमीसारखाच बसलेला होता, पण ते काही कारण नव्हे. बहिणीचं ऑपरेशन व्हायचं होतं, घराचे हप्ते होते, पन्नाशीच्या मास्तराला दुसरा क्लास कोण देणार होता? मी बसून राहिलो. भित्रा म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. मी स्वतःला बरंच काही म्हणून झालंय.

निकाल तिच्या बाजूनं लागला. घरातल्या माणसांचे फोटो त्यांना न सांगता काढले हे चूक, सतराव्या कलमात आहे हे कारण चालणार नाही, फोटो पुसून टाका आणि पुसल्याचं लेखी द्या, खातं चालू करा. क्लासनं महिन्याभरात लेखी दिलं. पुसले, एकही प्रत शिल्लक नाही. खाली सही-शिक्का.

ती मला सांगायला मुद्दाम क्लासवर आली. पिशवीत घरच्या तुरीची डाळ. "पुसले म्हनं सर, समदे. शिक्का हाय." तो कागद तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणला होता. "आता कुठंबी न्हाई मी," म्हणाली आणि हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच बघितलं. डाळ घेतली मी. घेतली की! नको म्हणायलाही तोंड पाहिजे.

त्यानंतर चार महिने मी काहीच केलं नाही. फोटो नुसते पुसून टाकावेत, एवढं तरी? बोट न्यायचो आणि थांबायचो. तिच्या माघारी, गुपचूप पुसणं मला अजून एक चोरी वाटायला लागली होती. डाळ तशीच डब्यात. बायको विचारायची, ही शिजवायची का नाही? मी म्हणायचो, राहू दे. शेवटी ती एकदा वैतागून म्हणाली, "त्या डाळीला काय झालंय काय?" तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "मग इथं काय बसलाय?"

मी रविवारी निलंग्याची एसटी धरली, पुढं रिक्षा. गाव विचारत विचारत घर सापडलं. सिमेंटच्या एकसारख्या घरांची रांग, आणि जवळजवळ प्रत्येक घरापुढं पत्र्याचं शेड. ती शेडमध्ये, दाराला लागूनच मशीनवर बसली होती. मुलगी आतल्या खोलीत, दार उघडं, दाराला वीट लावलेली. आतून माझाच आवाज येत होता. "कळलं का बाळांनो?"

"हाव," ती मशीनवरूनच म्हणाली आणि मग मला बघितलं. "अगं बाई! सर!"

पाणी झालं. चहा ठेवते म्हणाली, मी नको म्हटलं. मी खाली सतरंजीवर बसलो आणि सांगून टाकलं. क्लासनं लिहून दिलं ते खोटं आहे. फोटो माझ्या फोनमध्ये आहेत. मंचात विचारलं तेव्हा मी तिथंच होतो आणि गप्प बसलो. लेक्चरला कुलूप लावा म्हणून हट्ट धरणाराही मीच, फोटोचं मुलांना सांगायचं नाही म्हणणाराही मीच. वाक्यं तयार करून नेली होती, पण सांगताना सगळी मागंपुढं झाली.

तिनं पायानं मशीनचं चाक थांबवलं आणि हात पुढं केला. मी ग्रुपवरचे फोटो उघडून फोन तिच्या हातात दिला. पुसायचं कसं ते दाखवलं. तिनं प्रत्येक फोटो बघितला, पूर्ण बघितला, आणि मग बोट ठेवलं. दर वेळी विचारायची, "गेला?" मी म्हणायचो, "गेला." आतून माझा आवाज लेन्सबद्दल बडबडत होता. मला उठून तो बंद करावासा वाटत होता.

एकोणिसाव्याला ती थांबली. खाली काहीतरी लिहिलेलं होतं ते तिला दिसलं. मी विसरलो होतो. खरंच विसरलो होतो, की ते माझं वाक्य त्या फोटोच्या खालीच असणार. ती अक्षर अक्षर लावून मोठ्यानं वाचायला लागली. "मावशींचंही... ॲडमिशन... करून टाका..." तिथं थांबली. "पहिल्या... येतील." मग त्यापुढची हसणारी तोंडं तिनं बोटानं मोजली.

"ह्ये कुनी लिवलं?"

"मी."

मला वाटलं, आता ती ओरडेल. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिनं पदर डोक्यावर घेतला, नीट, दोन्ही कानांमागं खोचून, जणू तो फोटो अजून तिच्याकडे बघत होता. मग तो पुसला.

"गेला?"

"माझ्या फोनमधून गेला, ताई."

ती हुशार बाई. तिनं लगेच मान वर केली. "तुमच्या फोनमधून. आन् ज्यांनी ही तोंडं टाकली त्यांच्या?"

"त्यांच्याकडे असतील अजून."

"किती जन हायेत?"

"सात शिक्षक आणि एक ऑफिसातला. मी सोडून सात."

"कुठं राहत्यात?"

"तिघं लातुरात. एक मुरुडला, एक कंधारला. दोघं नांदेडात."

तिनं गळ्यातला टेप काढला, गुंडाळून मशीनच्या खणात ठेवला. शेजारच्या घराकडे तोंड करून हाक मारली, "वहिनी, जरा येऊन बसा हितं, पोरगी आत एकटी हाय." मग कोपऱ्यातल्या चपला पायात सरकवल्या आणि माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"उठा सर," ती म्हणाली. "दारात गेल्यावर काय सांगायचं ते तुम्हीच सांगायचं. मी नुसती उभी राहते."

शेजारची बाई येऊन दाराशी टेकली. पाय सुजलेले होते तरी मी उठलो.